मुलाचा अल्सरेटिव्ह कोलायटिस औषधांना दाद देत नसेल तेव्हा

अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज येऊन जखमा होण्याचा आजार. आधी औषध नीट पोटात जातंय का ते बघा. मेसालामाइनची (आतड्याची सूज उतरवणारी) गोळी कुटून दिली की तिचं कवच मोडतं आणि औषध मोठ्या आतड्यापर्यंत पोचतच नाही. मूल रडतं म्हणून एनिमा बंद केला असेल, तर खालच्या टोकाची सूज तशीच राहते. शौचाची तपासणीही पुन्हा करून घ्या. अमिबाची रक्ती आव किंवा क्लोस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूचा संसर्ग झाला तरी आजार उलटल्यासारखाच वाटतो.

वहीत रोज टिपा: किती वेळा शौचाला, रक्त किती, शौच घट्ट की पातळ, रात्री उठावं लागलं का, पोट दुखलं का, मूल खेळलं का. यावरून डॉक्टर ८५ पैकी गुण काढतात, त्याला प्युकाय म्हणतात. ६५ किंवा जास्त आले तर त्याच दिवशी दाखल करा, बाजाराच्या दिवसासाठी थांबू नका.

दवाखान्यात शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात, वजनाच्या किलोमागे रोज १ ते १.५ मि.ग्रॅ., जास्तीत जास्त ६०. तिसऱ्या दिवशी गुण ४५ च्या वर असतील तर पुढच्या औषधाची (बहुधा इन्फ्लिक्सिमॅब, प्रतिकारशक्ती दाबून सूज उतरवणारं इंजेक्शन) तयारी लगेच हवी, आणि आपल्या भागात त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट क्षयाची तपासणी. खरं तर ती दाखल होतानाच करावी. स्टेरॉइड चालू असताना मांटूची (क्षयासाठी कातडीत सुई टोचून करायच्या तपासणीची) गाठ नीट उठत नाही, दबलेला क्षय लपून राहतो आणि इन्फ्लिक्सिमॅबनंतर उफाळतो. छातीचा एक्स-रे आणि हिपॅटायटिस बी ची तपासणी तेव्हाच उरकून घ्या.

पाचव्या दिवशीही गुण ६५ च्या वर असतील, तर नुसत्या स्टेरॉइडवर आणखी दिवस काढणं मुलाच्या जिवाशी खेळ आहे. तेव्हा बहुधा इन्फ्लिक्सिमॅब देतात: किलोमागे ५ मि.ग्रॅ., पहिल्या दिवशी, मग दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात. आजार तीव्र असताना हे औषध शौचावाटे वाहून जातं, म्हणून डॉक्टर कधी मात्रा वाढवतात, कधी अंतर कमी करतात.

इन्फ्लिक्सिमॅबची कुपी संभाजीनगरहून लातूर-नांदेडला आणायची असेल तर २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. बर्फाच्या पिशवीला फडकं गुंडाळा, कुपी थेट बर्फाला टेकवू नका. गोठलेली कुपी वाया गेली.

आयबुप्रोफेन आणि जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या घरात कुणीही देऊ नयेत. जुलाब एकदम कमी होऊन पोट फुगलं, ताप चढला, तर तो आराम नव्हे. आतडं फुगून फुटायची वेळ जवळ आलेली असू शकते. रात्र असली तरी निघा, आणि बालशल्यचिकित्सक असलेल्याच दवाखान्यात न्या.