ब्लँकेट वाटपाचे फोटो काढायला येताय? मग बॅग भरायच्या आधी हे वाचा

परळला हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर बाहेरगावचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक झोपतात, आमचा ग्रुप दर जानेवारीत एका रात्री तिथे ब्लँकेट वाटतो, आणि मागच्या वर्षी फोटोंचं काम माझ्याकडे होतं. निम्मे फोटो वाया गेले. यंदा जो कोणी कॅमेरा घेईल त्याच्यासाठी लिहितेय.

स्वेटर घ्याच. मुंबईत कसली थंडी म्हणून मी नुसत्या कुर्त्यावर गेले, पण पारा १६-१७ वर असताना पहाटेपर्यंत रस्त्यावर उभं राहिलं की बोटं आखडतात, हात हलतो आणि फोटोही हलतो.  

फ्लॅश घरीच ठेवा, दिवसभर ओपीडीच्या लाइनीत उभी राहिलेली माणसं झोपलेली असतात हो. कमी उजेडात चालणारी ५० एमएमची १.८ वाली लेन्स पुरते, आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेड किती वाढवून घेतो ते, ३२०० किंवा ६४०० ला घाबरू नका, रॉमध्ये, म्हणजे नंतर उजेड-रंग सुधारता येतील अशा कच्च्या फाइलमध्ये काढा. आता माझी सगळ्यात मोठी चूक, कोणाची झोपमोड नको म्हणून मी सायलेंट शटर लावलं, ते बरोबरच होतं, पण शटर स्पीड ठेवला १/२५० सेकंद आणि घरी येऊन बघते तर फोटोभर आडवे काळे पट्टे! आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, डोळ्याला कळत नाही पण सायलेंट शटर सेन्सर ओळीओळीने वाचतं म्हणून ते पट्ट्यांसारखं उमटतं. स्पीड १/१०० किंवा १/५० ठेवा, आणि तिथे पोचल्यावर एक फोटो काढून झूम करून बघा.

मास्क लावा, कॅन्सरसाठी केमो चालू असलेल्यांना आपली साधी सर्दीसुद्धा महागात पडते. झोपलेल्यांचे चेहरे नकोत, ब्लँकेट हातात देतानाची पोजही नको, ती मी काढली होती आणि समोरच्या काकांनी मान खाली घातली, तो फोटो मी डिलीट केला पण त्यांची मान अजून आठवते. जागे असतील त्यांच्याशी आधी बोला, कॅमेरा खाली ठेवून. हात, पिशव्या, फाइली, चहाचे कप, आपली पोरं गठ्ठे उतरवताना, हे भरपूर काढा.

चार्ज केलेली दुसरी बॅटरी, रिकामं कार्ड, पाणी. आणि एक वही-पेन, कारण साताऱ्याकडच्या एका आजींनी नातवासोबतचा फोटो आपणहून काढून घेतला आणि घरी पाठवशील का विचारलं, मी हो म्हणाले पण पत्ता लिहून घ्यायचा राहिला, तो फोटो अजून माझ्याकडेच आहे.