वेबसाइटचा व्यवसाय एकट्याने करताय? तुमच्यामागे तो अडू नये म्हणून या चुका टाळा

माझा एक मित्र माझ्यासारखाच एकट्याने वेबसाइट करायचा. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी तो अचानक गेला. तेराव्यानंतर वहिनींनी त्याचा लॅपटॉप आणि फोन माझ्यापुढे ठेवला. म्हणाल्या, "भाऊजी, लोकांचे फोन येतायत. साइट बंद पडली म्हणतात. मला यातलं काही कळत नाही." त्याची सव्वीस गिऱ्हाइकं होती. दवाखाना, मिठाईचं दुकान, एमआयडीसीतले दोन कारखाने, प्रवेशअर्ज ऑनलाइन घेणारी एक शाळा. सगळ्यांची घडी बसवायला मला चार महिने लागले. तो कामात अतिशय चोख होता, तरीही हे झालं. म्हणून हे लिहितोय.

गिऱ्हाइकाचं डोमेन (वेबसाइटचं नाव) स्वतःच्या खात्यात ठेवणं

सगळ्यात जास्त नुकसान याने होतं. सुरुवातीला ते सोयीचं वाटतं. गिऱ्हाईक म्हणतं, "तुम्हीच घ्या हो, बिलात लावा." आपण आपल्या खात्यातून, आपल्या नावावर, आपल्या कार्डाने डोमेन घेतो. कागदोपत्री मालक आपणच. दवाखान्याच्या बाबतीत हेच झालं होतं. पंधरा वर्षं ज्या नावावर पेशंट येत होते, ते नाव डॉक्टरांचं नव्हतंच.

डॉट कॉम डोमेनची मुदत संपण्याआधी साधारण महिनाभर आणि मग आठवडाभर आधी नूतनीकरणाची सूचना येते, पण ती ईमेलवर, आणि ती मेलपेटी आता कोणी उघडत नसतं. मुदत संपल्यावर डोमेन विकणाऱ्या बहुतेक कंपन्या काही दिवस नेहमीच्या दरात नूतनीकरण करू देतात. ही सवलत जास्तीत जास्त ४५ दिवसांची, आणि किती द्यायची ते कंपनी ठरवते. पुढचे ३० दिवस दंड भरून नाव परत मिळतं. त्यानंतर ५ दिवस कोणालाच काही करता येत नाही आणि मग ते नाव जगात कोणीही विकत घेऊ शकतं. मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, कंपनीशी पत्रव्यवहार, हे सगळं या दिवसांत बसवायचं म्हणजे कुटुंबाच्या जिवाला घोर.

त्यामुळे खातं गिऱ्हाइकाच्या नावाने, त्याच्याच ईमेलवर आणि मोबाइलवर उघडा. तुम्ही फक्त काम करण्यापुरती परवानगी घ्या. जुनी डोमेनं हळूहळू हलवा. मुदत संपायला दोन-तीन महिने असतानाच हलवा, कारण मालकाचं नाव बदललं की बऱ्याच ठिकाणी पुढचे ६० दिवस डोमेन दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही.

आणखी एक गाठ तपासा. डोमेनच्या खात्याचा ईमेल त्याच डोमेनवरचा असेल, तर डोमेन बंद पडताच पासवर्ड बदलण्याची लिंकही मिळत नाही. कुलपाची किल्ली त्याच खोलीत अडकते. मित्राच्या सव्वीसपैकी सात खाती अशी होती.

वहीत पासवर्ड लिहिले की झालं, असं मानणं

मित्राने वही ठेवली होती, व्यवस्थित ठेवली होती. पण प्रत्येक खातं ओटीपी मागत होतं, आणि त्याच्या प्रीपेड सिमचा रिचार्ज संपला होता. ते सिम चालू केल्यावर पहिलं दार उघडलं. नातेवाइकांच्या सांगण्यावरून वहिनींनी नंबर बंद केला असता तर माझेही हात टेकले असते.

वहीपेक्षा पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड कुलूपबंद ठेवणारं ॲप, बरा. त्यातल्याच बिटवॉर्डनच्या सशुल्क खात्यात विश्वासाच्या माणसाला आणीबाणीचा प्रवेश देता येतो. त्याने मागणी केली आणि ठरवलेल्या दिवसांत तुम्ही नकार दिला नाही, तर खातं त्याला उघडतं. गुगलच्या निष्क्रिय खात्याच्या सोयीत, खातं ठरवलेल्या मुदतीत वापरलं गेलं नाही की त्यातला डेटा मिळावा म्हणून, तुम्ही दहा जणांची नावं देऊ शकता, पण ती मुदत कमीत कमी तीन महिन्यांची आहे. घरच्या फोटोंसाठी ती चांगली, बंद पडलेल्या साइटसाठी निरुपयोगी. गिटहबवर, म्हणजे कोड साठवायच्या साइटवर, वारस नेमता येतो, पण त्याच्या हाती फक्त सार्वजनिक कोड येतो. गिऱ्हाइकांचा कोड बहुधा खाजगी असतो, तेव्हा त्याची प्रत गिऱ्हाइकाकडेच असू द्या. दुहेरी पडताळणीचे बॅकअप कोड, म्हणजे ओटीपीऐवजी चालणारे राखीव आकडे, छापून सीलबंद पाकिटात घरी ठेवा.

बँकेला मृत्यू कळला की कार्ड बंद होतं आणि त्यावरची होस्टिंगची (साइट ठेवायच्या सर्व्हरच्या भाड्याची) ऑटोपे वजावट थांबते. म्हणून कोणत्या कार्डावर काय लावलंय, त्याची यादी त्याच पाकिटात हवी.

"मुखत्यारपत्र करून ठेवलंय", "नॉमिनी लावलाय"

हा गैरसमज मी शिकलेल्या लोकांकडूनही ऐकतो. मुखत्यारपत्र देणारा गेला की मुखत्याराचा अधिकारही संपतो. १८७२ च्या करार कायद्यातच तसं आहे. म्हणजे ज्या दिवशी खरी गरज, त्याच दिवशी तो कागद निकामी.

नॉमिनीला पैसे मिळतात, पण मालकी वारसांची किंवा मृत्युपत्रात लिहिली असेल त्याची. कालनिर्णयकार जयंत साळगावकर यांच्या गुंतवणुकीवरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केलं. म्हणून नॉमिनी लावाच, आणि मृत्युपत्रही करा. त्याला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही. त्यात डोमेनं, कोडचे हक्क, येणी आणि देणी यांचा उल्लेख असू द्या. पासवर्ड मात्र त्यात लिहू नका.

घरच्यांवर काम टाकणं

वहिनी शिक्षिका आहेत, हुशार आहेत. पण नवरा गेल्याच्या पंधराव्या दिवशी त्यांनी डीएनएस म्हणजे काय ते शिकावं, ही अपेक्षा निर्दय आहे. कामासाठी याच धंद्यातला माणूस आधी ठरवा. मी आता दुसऱ्या गावातल्या एका ओळखीच्या डेव्हलपरशी दोन्ही बाजूंनी लेखी ठरवलंय. माझं काही झालं तर तो माझी गिऱ्हाइकं तीन महिने सांभाळेल. त्याचे पैसे किती आणि कोण देणार, हेही लिहिलंय. गिऱ्हाइकांबरोबरच्या करारातही त्याचं नाव आहे, कारण त्यांचा डेटा परक्याच्या हाती जाणार असेल तर ते त्यांना आधी माहीत हवं. वर्षातून एकदा माझा फोन न वापरता तो एका साइटचं नूतनीकरण करून बघतो. पहिल्याच वेळी तीन अडचणी सापडल्या.

हिशेबाचंही तसंच. आगाऊ रक्कम घेऊन काम अर्धं राहिलेली गिऱ्हाइकं लगेच दारात येतात. ज्यांच्याकडे आपलं येणं आहे, त्यांच्यातले फार थोडे स्वतःहून फोन करतात. दर महिन्याच्या शेवटी कोणाचं किती येणं, कोणाचं काम कुठवर, हे एका पानावर लिहा. वहिनींना त्या एका पानाने बरेच पैसे मिळाले असते.

हे आधीच घडलं असेल तर

सिम चालू ठेवा. त्यावरून मृत व्यक्तीच्या बँकेतून किंवा यूपीआयमधून पैसे मात्र काढू नका, ते बँकेच्या दाव्याच्या रीतीनेच घ्या. पहिल्या आठवड्यात डोमेनं मुदतीच्या क्रमाने लावा आणि सगळ्या गिऱ्हाइकांना एकच साधा निरोप पाठवा. साइटचा बॅकअप लगेच घ्या.

एकमालकी व्यवसायाला मालकापेक्षा वेगळं कायदेशीर अस्तित्व नसतं. जीएसटी नोंदणी असेल तर वारसाने ती रद्द करण्यासाठी अर्ज करायचा आणि रद्द झाल्यावर तीन महिन्यांत अंतिम विवरणपत्र भरायचं. व्यवसाय पुढे चालवायचा असेल तर वारसाच्या पॅनवर नवी नोंदणी लागते आणि शिल्लक टॅक्स क्रेडिट (खरेदीवर आधी भरलेल्या जीएसटीची वजावट) तिकडे वळवता येतं. मृत्यूपर्यंतच्या उत्पन्नाचं आयकर विवरणपत्रही वारसालाच भरावं लागतं, त्यासाठी पोर्टलवर वारस म्हणून नोंद करावी लागते. हे सगळे अर्ज आणि शेवटचं डोमेन हलवून होईपर्यंत सिमचा रिचार्ज संपू देऊ नका.