ॲपचे स्क्रीन बनवताना या चुका टाळा

नवख्या डिझायनरांचं काम तपासायला आलं की बहुतेक वेळा पहिल्या मिनिटात कळतं, हा स्क्रीन खऱ्या फोनवर कुणी उघडलेलाच नाही. फिग्मात (स्क्रीन आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये) देखणा, लॅपटॉपवर मोठा करून बघितला तर आणखी देखणा, हातात घेतला की बोंब. त्याच चुका दरवेळी तोंडी सांगून कंटाळा आलाय, म्हणून लिहून टाकतो.

बटण दाबलं आणि काहीच झालं नाही

सगळ्यात महागात पडते ती ही. एका पतसंस्थेनं पिग्मी एजंटांसाठी ॲप करून घेतलं होतं. ऑफिसच्या वायफायवर डेमो झाला, सगळे खूश. नंतर मी एका एजंटकाकांबरोबर भाजी मंडईत फिरलो. डाव्या हातात फोन, उजव्या हातात नोटा, काखेत बॅग. काकांनी खातं निवडलं, शंभर रुपये टाकले, ‘जमा करा’ दाबलं. पत्र्याच्या शेडखाली रेंज जेमतेम. बटणाचा रंग बदलला नाही, चक्र फिरलं नाही. काकांनी परत दाबलं. मग जरा जोरात. शंभराच्या एका नोटेच्या तीन नोंदी झाल्या. संध्याकाळी रोकड आणि ॲपचा मेळ बसेना आणि फरक काकांच्या माथी. यावर टीमचं उत्तर काय, तर ‘एजंटांना ट्रेनिंग द्या, एकदाच दाबायला सांगा’. हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं.

बोट टेकल्याबरोबर बटणानं काहीतरी दाखवायलाच हवं. ०.१ सेकंदाच्या आत प्रतिसाद आला तरच तो माणसाला लगेच झाल्यासारखा वाटतो, हे वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९३ सालीच सांगून ठेवलंय. माझी सवय अशी: दाबताक्षणी बटण निष्क्रिय आणि त्याच बटणावर ‘नोंद होतेय…’. रेंज नसेल तर ‘फोनमध्ये जपून ठेवलंय, रेंज आली की पाठवू’ असं सरळ लिहायचं. शिवाय प्रत्येक नोंदीला फोनवरच वेगळा क्रमांक द्यायचा, म्हणजे तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हर दुसरी नोंद करणार नाही. ‘ते बॅकएंडचं (सर्व्हरच्या बाजूचं) काम’ म्हणून हात झटकू नका, बॅकएंडवाल्याशेजारी खुर्ची ओढून बसा. ॲप तपासताना मी नेट मध्येच बंद करतो आणि वैतागलेला माणूस दाबेल तसं बटण दाबत राहतो.

इंग्रजीच्या मापाच्या चौकटीत मराठी

सगळं डिझाइन इंग्रजीत पक्कं करायचं आणि शेवटच्या आठवड्यात त्यात मराठी ओतायचं, ही माझी दुसरी डोकेदुखी. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर रफार, वेलांटी, अनुस्वार. खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. ओळीची उंची इंग्रजीपुरती ठेवली की वरचं छाटलं जातं आणि ‘कर्ज खातं’ हे ‘कज खातं’ होऊन बसतं. पतसंस्थेच्या ॲपमध्ये! इंग्रजी बटणांच्या तयार स्टाइलमध्ये अक्षरांमध्ये थोडं अंतर दिलेलं असतं. ते तसंच राहिलं तर शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि शब्द दोरी तुटलेल्या तोरणासारखा दिसतो. मराठीसाठी ते अंतर शून्य करा. ओळीची उंची मी अक्षराच्या दीडपट धरतो आणि प्रत्येक स्क्रीनवर आधी ‘मूर्तींना’ हा शब्द टाकून बघतो: खाली ऊकार, वर रफार, वेलांटी, अनुस्वार, सगळं एकाच शब्दात.

चौकटीची उंची आकड्यात बांधून टाकू नका. अँड्रॉइड १४ पासून फोनची अक्षरं २०० टक्क्यांपर्यंत मोठी करता येतात, आणि घरातली वडीलधारी मंडळी ती करतातही. तयार यूआय किट (बटणं, रकाने वगैरेंचा आयता संच) उचलून रंग बदलणाऱ्यांना हे कधीच दिसत नाही, कारण किटमधली नमुन्याची वाक्यं इंग्रजी असतात.

बाकीच्या, थोडक्यात

दाबायची जागा अँड्रॉइडवर किमान ४८ डीपी, आयफोनवर ४४ पॉइंट (दोन्ही स्क्रीनवरची मापायची एककं). आयकॉन लहान असू दे, भोवतालची जागा मोठी करा. यावर मी वाद घालत नाही.

पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं: अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणात ४.५:१ एवढा तरी फरक हवा. तो मोजून झाला की भर दुपारी गच्चीवर जाऊन वाचा.

कीबोर्ड वर आला की त्याखाली ‘पुढे’ बटण गडप. अजूनही!

आयकॉनखाली नाव लिहा. तुम्हाला कळतो, कारण तो तुम्ही निवडलाय.

मोबाइल नंबरच्या रकान्यात थेट अंकांचा कीबोर्ड यायला हवा. तरी कुणी देवनागरी अंक टाकले तर ‘चुकीचा नंबर’ म्हणून हाकलू नका, कोडमध्ये बदलून घ्या. दोन ओळींचं काम आहे.

‘काहीतरी चुकलं’ हा संदेश लिहिणाऱ्याला मी परत पाठवतो. काय चुकलं आणि आता काय करायचं, दोन्ही लिहून आण म्हणतो.

आणि ॲप उघडताक्षणी कॅमेरा, लोकेशन, संपर्क असं सगळं मागत सुटू नका. फोटोचं बटण दाबलं की तेव्हा कॅमेरा मागा. अँड्रॉइड ११ पासून एखादी परवानगी माणसानं दोनदा नाकारली की ती मागणारी चौकट पुन्हा येत नाही, त्याला सेटिंगमध्ये जाऊन ती स्वतः शोधावी लागते. तेव्हा फोटोच्या स्क्रीनवर थेट सेटिंगमध्ये नेणारं बटणही ठेवा.