त्र्यंबकेश्वर आधी टाइप करा: कमी पैशांत डिझाइन आणि व्हिडिओचं सॉफ्टवेअर कसं निवडाल

माझा मावसभाऊ पिंपळगाव बसवंतला द्राक्षं करतो. मध्यंतरी त्याने घरच्या मनुक्यांची पाकिटं विकायला काढली आणि लेबल करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी हौसेने एका चकाचक ॲपची महिन्याची वर्गणी भरली, लेबल केलं, पीडीएफ काढली आणि थेट छापायला दिली. पाचशे स्टिकर आले. ‘द्राक्ष’मधला क्ष फुटून पाय मोडलेला क आणि ष असे दोघे शेजारी उभे होते, आणि ‘नाशिक’मधली वेलांटी श-च्या मागे जाऊन बसली होती. स्क्रीनवर सगळं व्यवस्थित दिसत होतं. मोडलं ते पीडीएफमध्ये, आणि पीडीएफ उघडून बघायची तसदी मी घेतलीच नव्हती. भाऊ काही बोलला नाही, पण स्टिकरचा गठ्ठा अजून त्याच्या शेडमध्ये पडून आहे.

तेव्हापासून कुणी विचारलं, “स्वस्तातलं चांगलं सॉफ्टवेअर कोणतं?” की मी किमतीचं नंतर बोलतो. आधी पुढची ओळ टाइप करायला लावतो.

पहिली पायरी: जोडाक्षरांची परीक्षा

ही ओळ कुठेतरी जपून ठेवा: त्र्यंबकेश्वर, नाशिक. द्राक्षं, ज्ञानेश्वरी, दऱ्याखोऱ्यांतून, सर्वांना, शृंगार, ॲड.

नवं सॉफ्टवेअर घेतलं की दुसरं काही करायच्या आधी ही ओळ त्यात टाका, पीडीएफ आणि पीएनजी अशा दोन्ही फाइल काढा आणि त्या दुसऱ्या यंत्रावर, म्हणजे मोबाइलवर वगैरे उघडा. ‘त्र्यं’मध्ये त, र, य आणि वर अनुस्वार असा सगळा संसार आहे. ‘नाशिक’मध्ये वेलांटीची परीक्षा होते. आपण टाइप करतो आधी श आणि मग वेलांटी. ती उचलून श-च्या डावीकडे नेऊन ठेवणं हे सॉफ्टवेअरचं काम. ज्याला हे जमत नाही, ते फुकट मिळालं तरी मराठी कामाला महागच. ‘दऱ्या’तला र आणि ‘सर्वांना’तला रफार हे दोन निराळे र आहेत, हे कित्येक फॉन्टना ठाऊक नसतं. आणि ‘ॲड.’ यासाठी, की जुन्या फॉन्टमध्ये ॲ नसतो आणि वकिलाच्या पाटीवर चौकोन छापला जातो.

इंकस्केप आणि गिंप ही दोन्ही मोफत सॉफ्टवेअर या परीक्षेत पास होतात. स्क्रायबस हे पुस्तक-पत्रक लावायचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्याची जुनी १.४ मालिका देवनागरी मोडायची, १.६ पासून नीट मांडते, तेव्हा जुनी आवृत्ती कुणी पेनड्राइव्हवर दिली तर घेऊ नका. गंमत म्हणजे महागड्या फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्येसुद्धा दक्षिण आशियाई लिप्यांची मांडणी चालू करावी लागायची, नाहीतर तिथेही जोडाक्षरं फुटायची. दोष पैशाचा नाही, लिपीकडे कुणी लक्ष दिलं की नाही याचा आहे.

फॉन्टचं इथेच उरकतो. मुक्त, बालू, नोटो सान्स देवनागरी, तिरो देवनागरी मराठी हे सगळे गूगल फॉन्ट्सवर मोफत आहेत आणि धंद्याच्या कामालाही चालतात. तिरोची हिंदी आवृत्ती वेगळी आहे. मराठी वळणाचा ल आणि श हवा असेल तर ‘मराठी’ लिहिलेलीच उतरवा. जुने श्रीलिपी किंवा कृतिदेव वळणाचे फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळीकडे एकसारखे चालणाऱ्या अक्षर-संकेतातले, नाहीत. तसला मजकूर दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. जुन्या पत्रिकेतला मजकूर पुन्हा टाइप करणं हाच सरळ रस्ता.

दुसरी पायरी: काम काय आहे ते कागदावर लिहा

‘डिझाइन’ म्हणजे काय करायचंय तुम्हाला? दुकानाची पाटी, लोगो, लेबल, फ्लेक्स असेल तर इंकस्केप, कारण त्यातलं चित्र कितीही मोठं केलं तरी फाटत नाही. फोटो उजळायचा, पाठीमागचा पसारा काढायचा असेल तर गिंप. त्याची ३.० आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली, आणि आधीच्या आवृत्तीला नावं ठेवणाऱ्यांनी ती एकदा बघावी. हाताने चित्र काढत असाल तर क्रिटा. क्रिटा काही ॲप-दुकानांत विकत दिसतं आणि लोक पैसे भरून मोकळे होतात. त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ते फुकट आहे. विकतचे पैसे बनवणाऱ्यांनाच जातात, त्यामुळे दिले तर पुण्यच, पण माहीत असून द्यावेत.

कुणी पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची, फाइल पाठवली आणि फोटोशॉप नसेल तर फोटोपी हे संकेतस्थळ ती ब्राउझरमध्येच उघडतं, बाजूला जाहिराती दिसतात एवढंच. वाढदिवसाचं, हळदीकुंकवाचं, क्लासच्या प्रवेशाचं पोस्टर दहा मिनिटांत हवं असेल तर कॅनव्हाची मोफत आवृत्ती पुरते. फक्त मुकुटाचं चिन्ह असलेल्या चित्रांना हात लावू नका, त्यांचे पैसे लागतात. शाळेत शिकवत असाल तर कॅनव्हाची शिक्षकांसाठीची योजना फुकट आहे. ओळख पटवून द्यावी लागते.

ॲफिनिटी पूर्वी विकत होतं. कॅनव्हाने २०२४ मध्ये ती कंपनी घेतली आणि ऑक्टोबर २०२५ पासून ते मोफत केलं. सॉफ्टवेअर उत्तम आहे, पण भारतीय लिप्यांच्या बाबतीत त्याचा इतिहास चांगला नाही. आधी त्र्यंबकेश्वर, मग बाकीचं.

‘पाचशे रुपयांत सगळं टाकून देतो’ याबद्दल

आपल्याकडे लॅपटॉप दुरुस्तीला दिला की हा प्रस्ताव ऐकायला मिळतोच. मीही एकेकाळी हो म्हटलंय. त्या ‘सगळं’मध्ये अँटिव्हायरस बंद करून ठेवण्याचं कामही असतं, कारण क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली चोरीची प्रत, चालायला तेच लागतं. नंतर त्याच लॅपटॉपवरून आपण बँकेत लॉगिन करतो. कायद्याचं म्हणाल तर कॉपीराइट कायदा, १९५७, कलम ६३ ब: जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर वापरलं तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाखांपर्यंत दंड. घरगुती वापरासाठी पोलीस दारात येतील असं मी म्हणत नाही. पण नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या एखाद्या कंपनीचं कॅटलॉग करून जीएसटीचं बिल फाडायचं असेल, तर पाया कच्चा नको.

तिसरी पायरी: यंत्र बघा, मग व्हिडिओचं नाव काढा

लोक इथेच फसतात. कुणीतरी सांगतं, “डाविंची रिझॉल्व्ह घे, फुकट आहे आणि सिनेमावाले वापरतात.” दोन्ही खरं आहे. मोफत आवृत्तीत ३८४०×२१६० पर्यंतचा व्हिडिओ निघतो, वर कसला शिक्का येत नाही, आणि स्टुडिओ आवृत्ती हवीच असेल तर २९५ डॉलर एकदाच भरायचे, दरमहा नाही. पण त्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड आणि १६ जीबी रॅम हवी. ८ जीबीच्या साध्या लॅपटॉपवर ते उघडतं, पंखा ओरडतो आणि तुम्ही चहा करून येईपर्यंत एक कट बसतो.

साध्या लॅपटॉपला शॉटकट किंवा केडेनलाइव्ह घ्या. दोन्ही मोफत, दोन्ही मुक्त. आणि पुढच्या दोन गोष्टी कराच.

एक, प्रॉक्सी चालू करा. म्हणजे सॉफ्टवेअर तुमच्या जड व्हिडिओची हलकी नक्कल करतं, तुम्ही कापाकापी नकलेवर करता, आणि शेवटी फाइल निघते ती मूळ व्हिडिओवरून. नक्कल व्हायला वेळ लागतो, त्यामुळे रात्री लावून झोपा. गोदाघाटावरच्या आरतीचे पाऊण तासाचे व्हिडिओ मी माझ्या जुन्या लॅपटॉपवर असेच कापले आहेत.

दोन, आवाज आणि ओठ जुळत नसतील तर घाबरू नका. मोबाइल उजेडानुसार दर सेकंदाच्या फ्रेम कमीजास्त करतो. घाटावर संध्याकाळ होत जाते तसतसं हे जास्त होतं. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला ठरलेली गती लागते, म्हणून व्हिडिओ जसजसा पुढे जाईल तसतशी घंटा आधी हलते आणि नाद नंतर येतो. शॉटकट असली फाइल ओळखतं आणि एडिटिंगला सोयीच्या रूपात बदलू का म्हणून स्वतःच विचारतं. हो म्हणा. फाइल फुगेल, जागा ठेवा.

मराठी नावं-शीर्षकं व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये मोडली तर त्याच्याशी झगडत बसू नका. इंकस्केपमध्ये १०८०×१९२० चं पान घ्या, शीर्षक तिथे मांडा, पारदर्शक पीएनजी काढा आणि व्हिडिओच्या वरच्या पट्टीवर ठेवा. सगळीकडे चालतं.

बाहेर काढताना एच.२६४ (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत), १०८० पी, बिटरेट (सेकंदाला किती डेटा) १० एमबीपीएस ठेवलं की मिनिटाला साधारण ७५ एमबी होतात. रीलला पुष्कळ झालं.

मिसळच्या गाडीचं रील मोबाइलवरच करायचं असेल तर लॅपटॉप हवाच कशाला? यूट्यूब क्रिएट किंवा इन्स्टाग्रामचं एडिट्स, दोन्ही फुकट आणि शिक्का न उमटवणारी. जून २०२० मध्ये सरकारने ५९ ॲप बंद केली, त्यात व्हिवाव्हिडिओसारखं एडिटरही होतं. बंद झालेल्या ॲपची ‘मॉड’, म्हणजे कुणीतरी फेरफार केलेली, फाइल कुणी टेलिग्रामवर पाठवली तर ती उघडायची नाही. गाणी यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतून घ्या. तिथे एखाद्या गाण्याला श्रेय द्या असं लिहिलं असेल तर ते द्यायचं.

चौथी पायरी: पैसे द्यायचेच असतील तर

आधी एक खरं काम फुकटच्या आवृत्तीत शेवटपर्यंत करून बघा. सराव म्हणून केलेलं नव्हे, गिऱ्हाइकाला द्यायचं असलेलं. जिथे अडाल तेवढ्यासाठी पैसे.

किंमत बघताना तीन ठिकाणी नजर टाका. डॉलरमधला आकडा असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटी आणि कार्डाचा परकीय चलनाचा आकार चढतो. ‘वार्षिक, मासिक हप्त्याने’ असं लिहिलं असेल तर ती महिन्याची वर्गणी नसते, वर्षाचा करार असतो. अडोबीच्या अशा योजनेत मध्येच सोडलं तर दंड लागतो. आणि चाचणीचे सात दिवस संपले की पैसे आपोआप कापले जातात. पंधरा हजारांपर्यंतच्या अशा आवर्ती वसुलीला ओटीपी लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बँक चोवीस तास आधी संदेश पाठवते, तो आपण जाहिरात समजून पुसून टाकतो. म्हणून चाचणी सुरू केली त्याच मिनिटाला फोनमध्ये पाचव्या दिवसाचा गजर लावा. यूपीआयवर दिलं असेल तर ऑटोपेच्या यादीत जाऊन परवानगी काढून टाका. ॲप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही, हे मी दोन महिने भरून शिकलो.

सॉफ्टवेअर उतरवताना शोधयंत्रात पहिली दिसते ती लिंक बहुतेक वेळा जाहिरात असते. मोफत सॉफ्टवेअरला कार्डाचा नंबर कुणी मागत असेल तर तुम्ही चुकीच्या दारात आहात.

पाचवी पायरी: फ्लेक्सवाल्याशी बोलणं

नाशिकात शालिमारला जा नाहीतर सिडकोत, पहिला प्रश्न एकच असतो: “सीडीआर आहे का?” म्हणजे कोरलची फाइल. नाही म्हणायला लाजू नका. सांगा, “पीडीएफ आहे, कर्व्ह केलेली.” कर्व्ह म्हणजे अक्षरांचं आकृतीत रूपांतर. इंकस्केपमध्ये सगळं निवडून ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करा. मग त्याच्या संगणकावर तुमचा फॉन्ट असो वा नसो, त्र्यंबकेश्वर फुटत नाही. त्याने तुम्हाला सीडीआर दिली तर इंकस्केप ती उघडायचा प्रयत्न करतं. जुन्या आवृत्तीच्या फाइल बऱ्याचदा उघडतात, नव्या नेहमी नीट येतात असं नाही.

फोटो असलेला फ्लेक्स असेल तर माप आधी विचारा. सहा बाय तीन फुटांना ७२ डीपीआय (इंचाला ७२ ठिपके) पुरतं, म्हणजे ५१८४×२५९२ पिक्सेल. लांबून बघायची गोष्ट आहे. ३०० डीपीआयची फाइल नेलीत तर त्याचा संगणक आणि तुमचा वेळ दोन्ही खाल. २०२७ च्या सिंहस्थाची कामं सुरू झाली की त्याच्या दुकानात उभं राहायला जागा नसेल, तेव्हा हे घरूनच करून गेलेलं बरं. स्क्रीनवरचा झगझगीत निळा आणि हिरवा छपाईत मंद येणार, हे धरून चाला. रंग महत्त्वाचा असेल तर शेवटची फाइल स्क्रायबसमधून सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांत, काढा आणि आधी एक ए-फोर कागद छापून घ्या.

कर्व्ह केलेली फाइल मात्र वेगळ्या नावाने जतन करा. तिच्यातलं अक्षर पुन्हा बदलता येत नाही. मी एकदा मूळ फाइलवरच ते करून बसलो, आणि मनुक्यांचा भाव वाढल्यावर ‘₹’च्या पुढचा आकडा बदलायला अख्खं लेबल पुन्हा मांडलं.