बाबागाडी घेऊन ठाणे-नवी मुंबईत फिरताना या चुका टाळा

ठाण्यात किंवा नवी मुंबईत नातेवाइकांकडे तान्ह्या बाळाला घेऊन येणारी मंडळी कुठे जायचे हे आधीच ठरवून येतात. संध्याकाळी तलावपाळी, रविवारी खारघरचे सेंट्रल पार्क, एखाद्या दुपारी मॉल. परंतु घरापासून तिथपर्यंतच्या वाटेत बाबागाडी किती वेळा उचलावी लागेल, तिची घडी कुठे करावी लागेल आणि त्या वेळी बाळ कोणाच्या कडेवर असेल, हे मात्र सहसा ठरलेले नसते. माझ्या मते पुढच्या जवळजवळ सगळ्या अडचणी इथूनच सुरू होतात. माझी मुलगी आता साडेतीन वर्षांची आहे. ती चार महिन्यांची असल्यापासून पाचपाखाडीच्या घरातून आम्ही तिला या दोन्ही शहरांत गाडीत बसवून फिरवले आहे आणि पुढे लिहिलेल्या चुकांपैकी निम्म्या तरी आमच्या हातून घडलेल्या आहेत.

घडी न करता सगळीकडे जाता येईल, हा समज

मोठ्या चाकांची, जाड गादीची आणि भक्कम दिसणारी गाडी दुकानात आवडते, पण ती रिक्षात बसत नाही. रिक्षाच्या मागच्या आसनामागे जी जागा असते, तिथे छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी उभी-आडवी करून कशीबशी मावते. मोठी गाडी पायांत घ्यावी लागते आणि मग बाळाला नीट धरून बसता येत नाही. टॅक्सीचा भरवसाही धरू नये, कारण सीएनजीवर चालणाऱ्या बहुतेक टॅक्सींच्या डिकीत गॅसची टाकी असते आणि उरलेल्या फटीत एखादी पिशवीच राहते. त्यामुळे पाहुणे म्हणून येताना मोठी गाडी घरी ठेवून हलकी गाडी आणि सोबत बाळाला छातीशी बांधून घेण्याचा पट्टा आणणे केव्हाही सोयीचे ठरते.

गाडीची घडी एका हाताने करण्याचा सराव घरीच दहा-बारा वेळा करावा. रिक्षावाला थांबलेला आहे, मागून बस हॉर्न देते आहे आणि बाळ रडते आहे, अशा वेळी तो खटका कुठे आहे हे शोधणे फार कठीण जाते. घडी करताना बाळ आधी उचलून घ्यावे आणि चालते मूल असेल तर त्याचा हात दुसऱ्या मोठ्या माणसाच्या हातात द्यावा, कारण सांध्यांमध्ये लहान बोटे चिमटण्याचा धोका नेमका त्याच क्षणी असतो.

लोकलचा हिशेब वेळेवर सोडणे

ठाणे हे भारतातील पहिल्या प्रवासी रेल्वेचे शेवटचे स्थानक. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली गाडी इथे पोहोचली होती. आज हेच स्थानक मध्य रेल्वेवरील अतिशय गर्दीच्या स्थानकांपैकी एक आहे आणि सकाळी आठ ते अकरा किंवा संध्याकाळी साडेपाच ते नऊ या वेळात इथे उघडलेली बाबागाडी घेऊन फलाटावर उभे राहणे म्हणजे बाळाला गर्दीच्या गुडघ्यांच्या उंचीवर उभे करणे होय. त्यातच लोकलच्या डब्यात दाराच्या मधोमध उभा दांडा असतो, त्यामुळे रुंद गाडी उघडलेल्या स्थितीत आत जातच नाही. फलाटावर येण्यापूर्वीच गाडी मिटावी, बाळ अंगावर बांधून घ्यावे आणि दोन मोठी माणसे असतील तर एकाने फक्त बाळ व दुसऱ्याने फक्त सामान अशी वाटणी निघतानाच करावी. ही वाटणी ऐन दारात बदलू नये.

दुपारच्या वेळी वाशी किंवा नेरूळकडे जायचे असेल, तर ट्रान्स-हार्बर मार्ग त्यातल्या त्यात बरा. या गाड्या ठाण्याहूनच सुटतात, म्हणून त्या काही वेळ उभ्या असतात आणि धांदल न करता चढता येते. उतरताना मात्र तशी सवड मिळत नाही. मधल्या स्थानकांवर गाडी अर्धा मिनिटही थांबेल असे धरू नये आणि आधीच्या स्थानकालाच दारापाशी येऊन राहावे. नवी मुंबईतील स्थानके सिडकोने प्रशस्त बांधली असल्यामुळे तिथे सगळे सपाट असेल असे वाटते, पण फलाट आणि रस्ता यांच्यामध्ये बऱ्याच ठिकाणी भुयारी मार्गाच्या किंवा पुलाच्या पायऱ्या लागतातच. सरकत्या जिन्यावर गाडी, बाळ आत असताना तर नाहीच पण रिकामी असतानाही, उघडलेल्या स्थितीत नेऊ नये. पुढची चाके पायरीच्या कडेला अडकतात, मागची पायरी वर येत राहते आणि तोल सावरायला वेळच मिळत नाही.

याउलट 17 नोव्हेंबर 2023 पासून सुरू झालेली बेलापूर ते पेंधर ही नवी मुंबई मेट्रो बाबागाडीसाठी खरोखर सोयीची आहे. मार्ग सुमारे 11 किलोमीटरचा आहे, त्यावर अकरा स्थानके आहेत, वर जायला लिफ्ट आहे आणि डब्याची जमीन फलाटाच्या पातळीला येते. सेंट्रल पार्क नावाचे स्थानकही याच मार्गावर आहे. पहिल्यांदाच गाडी घेऊन बाहेर पडणाऱ्यांना मी हाच प्रवास सुचवते.

रस्ता ओलांडताना गाडी आधी आणि आपण मागे

या चुकीबद्दल मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते, कारण ती करताना कोणाच्या लक्षातच येत नाही. गाडी ढकलणाऱ्या माणसाच्या पुढे साधारण एक मीटर अंतरावर बाळ असते. राम मारुती रस्त्यावर किंवा गोखले रस्त्यावर उभ्या केलेल्या टेम्पोच्या आडून आपण मान पुढे काढून वाहने येतात का ते पाहतो, तेव्हा बाळाचे पाय आधीच वाहनांच्या वाटेत गेलेले असतात. अशा ठिकाणी गाडी आडवी वळवून आपल्या शेजारी घ्यावी, स्वतः आधी पुढे होऊन पाहावे आणि मगच गाडी सरळ करावी. सिग्नलला थांबतानाही दोन पावले मागे राहावे, कारण वाहनांचा धूर नेमका बाळाच्या नाकाच्या उंचीवर बाहेर पडतो. घोडबंदर रस्त्याच्या कडेने तर गाडी ढकलत जाऊच नये, थेट रिक्षा करावी.

पदपथावरून उतरताना आपण उलटे फिरून मागची मोठी चाके आधी खाली घ्यावीत आणि चढताना दांडा दाबून पुढची चाके आधी वर टेकवावीत. पेव्हर ब्लॉक निखळलेल्या जागी किंवा गटारावरच्या जाळीत पुढचे लहान चाक रुतले, तर जोर लावून ढकलू नये. गाडी जागीच थबकते आणि बाळ पुढे फेकले जाते. म्हणूनच खांद्यांवरून येणारे पट्टे दोन मिनिटांच्या अंतरासाठीसुद्धा लावलेले असावेत.

दांड्याला पिशवी अडकवणे

मुलगी आठ महिन्यांची असताना जांभळी नाक्याच्या बाजारातून परतताना मी गाडीच्या दांड्याला भाजीच्या दोन पिशव्या अडकवल्या होत्या. एकीत बटाटे, दुसरीत भोपळ्याची फोड आणि नारळ. तलावपाळीच्या कठड्यापाशी तिला तलाव दाखवावा म्हणून मी पट्टा सोडला आणि तिला उचलले, आणि त्याच क्षणी गाडी मागच्या मागे उलटली. नारळ घरंगळत रस्त्यावर गेला. मी तिला उचलण्याऐवजी तिने स्वतः बसल्या जागी पाठ मागे टाकली असती, तर त्या नारळाच्या जागी तिचे डोके असते. त्या संध्याकाळनंतर आमच्या गाडीच्या दांड्याला पाण्याची बाटलीही लागली नाही. सामान आसनाखालच्या जाळीत ठेवावे किंवा पाठीवरच्या पिशवीत घ्यावे.

ऊन लागू नये म्हणून गाडी झाकणे

मार्च ते मे आणि ऑक्टोबरात इथे उकाडा आणि दमटपणा एकत्र असतो. अशा वेळी ओढणी किंवा दुपटे गाडीवर पांघरले की सावली होते असे आपल्याला वाटते, पण आतली हवा कोंडते आणि कापड कितीही पातळ असले तरी आतले तापमान बाहेरच्यापेक्षा वाढते. बाळाच्या मानेच्या मागे बोटे लावून पाहावीत. तिथे घाम आणि चटका जाणवला, तर बाळ तापले आहे असे समजून लगेच मोकळ्या सावलीत घ्यावे. गाडीचे स्वतःचे छत, बाजूंनी खेळती हवा आणि सुती झबले एवढे पुरते. डोके उघडे नको म्हणून आजी काळजीने लोकरीचे टोपडे घालतात, त्यांना हे समजावून सांगायला हवे. साधारण अकरा ते चार या वेळात तर बाहेर पडूच नये. महापालिकेच्या अनेक बागाही दुपारी बंद असतात.

पावसाळ्यातील प्लास्टिकच्या आवरणालाही हाच नियम लागू होतो. पाऊस थांबताच ते काढावे आणि हवेच्या फटी बंद होऊ देऊ नयेत. तलावाकाठी किंवा खाडीकाठी संध्याकाळी डास फार असतात, तिथे मात्र जाळीची मच्छरदाणी लावावी. तिच्यातून हवा जाते.

मान न सावरलेल्या बाळाला बसते करून नेऊ नये, आसन पूर्ण आडवे होणारेच हवे. बसल्या स्थितीत झोप लागली आणि हनुवटी छातीला टेकली, तर श्वासाचा मार्ग अरुंद होतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचे पाणी नको, आईचे दूध पुरते. त्यासाठी एसटीच्या स्थानकात हिरकणी कक्ष आहे का, याची चौकशी करावी.

गाडीच कुरकुरू लागली तर

पुढचे चाक डगमगत असेल किंवा एका बाजूला ओढत असेल, तर बहुधा आसाभोवती केस आणि दोरे गुंडाळलेले असतात. गाडी उलटी करून ते चिमट्याने काढावेत. पावसातून आल्यावर चाके धुवून, पुसून, पंख्याखाली वाळवावीत. गादीचे कव्हर दमट राहिले की दोन दिवसांत बुरशीचा वास येतो, म्हणून ऊन पडताच ते सोडवून वाळत घालावे. ब्रेकची परीक्षा सोसायटीच्या उतारावर बाळ बसवण्यापूर्वी, खाली चार-पाच किलोचे सामान ठेवून करावी. आणि गाडी उघडल्यावर घडीचा खटका पूर्ण बसल्याचा आवाज ऐकू आला नाही, तर आसन हाताने जोरात दाबून पाहिल्याशिवाय बाळाला त्यात ठेवू नये.