लाइट गेली तरी टर्मिनलची हिस्ट्री टिकवा

पावसाळ्यात खानापूर, जांबोटीकडे लाइट गेली की डेस्कटॉप जागीच बंद पडतो आणि सकाळपासून दिलेल्या कमांड हिस्ट्रीतून गायब होतात. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये कमांड चालवणारा बॅश हा प्रोग्राम त्या मेमरीत धरून ठेवतो आणि टर्मिनल नीट बंद केल्यावरच फाइलमध्ये लिहितो, म्हणून असं होतं.

उपाय एका ओळीचा आहे. होम फोल्डरमधली डॉट-बॅश-आरसी ही बॅशची सेटिंग फाइल नॅनो या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. शेवटी प्रॉम्प्ट-अंडरस्कोर-कमांड सगळं कॅपिटलमध्ये, मग बरोबरचं चिन्ह, मग अवतरणात हिस्ट्री, स्पेस, डॅश-ए असं लिहा. बरोबरच्या चिन्हाच्या अलीकडे-पलीकडे स्पेस चालत नाही. नवशिक्यांचं घोडं बहुतेक तिथेच अडतं. कंट्रोल-ओ, एंटर करून सेव्ह करा, कंट्रोल-एक्सने बाहेर पडा आणि नवं टर्मिनल उघडा. आता प्रत्येक कमांड संपताच तिची नोंद होते. वीज जाण्याआधीच्या काही सेकंदांतली एखादी तेवढी हुकू शकते.

उबुंटू लिनक्समध्ये याच फाइलमध्ये हिस्टसाइझ (मेमरीत किती कमांड ठेवायच्या) १००० आणि हिस्टफाइलसाइझ (हिस्ट्रीच्या फाइलमध्ये किती ओळी ठेवायच्या) २००० असतं. दोन्ही १०,००० करून टाका, जागा नगण्य लागते.

जुनी कमांड शोधायला कंट्रोल-आर दाबून तिच्यातली दोन-चार अक्षरं टाइप करा. हवी ती येईपर्यंत कंट्रोल-आर दाबत राहा. चुकून कंट्रोल-एस दाबलं गेलं आणि स्क्रीन गोठली, तर कंट्रोल-क्यू.