नागपुरात एका प्लॉटचे दोन प्लॉट कसे करायचे

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, की दोघा भावांनी वाटणीपत्र रजिस्टर केलं म्हणजे एका प्लॉटचे दोन प्लॉट झाले. नाही झाले. मालकी वाटल्या गेली, प्लॉट एकच राहिला. ज्या दिवशी धाकटा आपल्या अर्ध्यावर घर बांधायला नकाशा टाकेल त्या दिवशी त्याला विचारतील की हा अर्धा तुकडा मंजूर कुठे आहे, आणि मग घरभर कपाटं उपसली तरी तो कागद निघणार नाही कारण तो कधी झालाच नव्हता. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ नुसार जमिनीचं उपविभाजन हा पण 'विकास'च धरतात, म्हणजे प्लॉट तोडायला बांधकामासारखीच परवानगी लागते. ब्रोकर लोक सांगतात "पहिले रजिस्ट्री करून घ्या, बाकी होऊन जाते". ज्याला पुढे ऑफिसचे खेटे घालायचे नसतात तोच असा सल्ला देतो.

मी इथे मंजूर लेआउटमधला, तीन ते पाच हजार फुटाचा, घराचा प्लॉट धरून लिहून राहिले. शेतीचा तुकडा, तुकडेबंदी, एनए (बिगरशेती) हे सगळं वेगळं प्रकरण आहे, ते यात मिसळू नका. रजिस्ट्री, इंडेक्स टू (रजिस्ट्रीचा उतारा), टॅक्सची पावती, वारसांची नावं चढलेली आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) हे तुमच्याजवळ आहे असं समजून चालते. वडील जाऊन दहा वर्षं झाली आणि पत्रिकेवर अजून त्यांचंच नाव असेल तर आधी वारस फेरफार करून घ्या, मग पुढचं वाचा.

ऑफिस कोणतं, हे पहिले ठरवा. नागपुरात हे सोपं नाही बाप्पा. मनपा आहे, १९३६ च्या कायद्याने झालेली नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास) आहे, शहराबाहेर एनएमआरडीए (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आहे, आणि एकाच रस्त्याच्या दोन बाजूंचे लेआउट वेगळ्या ऑफिसकडे असू शकतात. शेजाऱ्याने कुठे फाइल टाकली यावर जाऊ नका, तुमच्या मौजाचं नाव आणि खसरा (सर्व्हे) नंबर घेऊन स्वतः विचारा. नासुप्रचा लीजचा प्लॉट असेल तर जमिनीची मालक नासुप्र, तुम्ही पट्टेदार, त्यामुळे त्यांच्या एनओसीशिवाय तुकडा पडत नाही आणि लीज संपलेली असेल तर ती आधी रिन्यू करा. नझूलच्या, म्हणजे सरकारी जमिनीच्या, प्लॉटचं पण तसंच, तिथे कलेक्टर ऑफिस. ५७२ किंवा १९०० लेआउटवाल्यांनी (गुंठेवारीत नियमित करायला घेतलेले जुने अनधिकृत लेआउट) आपलं आरएल लेटर, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र, काढून त्यावरची साइज बघा. आरएलच नसेल तर उपविभाजनाचा विचार सध्या बाजूला ठेवा, पहिले गुंठेवारीत प्लॉट नियमित करा.

आता मोजणी. सुरुवातीच्या फायलींमध्ये मला सगळ्यात जास्त छळलं ते याच टप्प्याने, आणि अजूनही जी फाइल अडकते ती इथेच अडकते, म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या प्लॉटला एक क्षेत्रफळ नसतं, तीन असतात. एक रजिस्ट्रीत लिहिलेलं, एक आखीव पत्रिकेवरचं, आणि एक जागेवर टेप लावल्यावर निघणारं. तिन्ही सारखे असलेला जुना प्लॉट फार कमी वेळा दिसतो. घरातले लोक आयुष्यभर "आपला तीन हजारचा प्लॉट" म्हणत असतात कारण रजिस्ट्रीत ५० बाय ६० लिहिलंय. पत्रिका काढली की त्यात २७२.४ चौरस मीटर, म्हणजे २९३२ फूट. मोजणी झाली की २६७ मीटर, म्हणजे २८७४ फूट. मंजुरीसाठी यातलं कोणतं धरतात? सगळ्यात कमी असेल ते. २०२० च्या एकीकृत नियमावलीत (राज्याचे बांधकाम परवानगीचे नियम, यूडीसीपीआर) नकाशावर जो क्षेत्रफळाचा तक्ता द्यावा लागतो त्याच्या पहिल्याच ओळीत मालकीच्या कागदाप्रमाणे, मोजणीप्रमाणे आणि जागेप्रमाणे अशी तिन्ही क्षेत्रं लिहून त्यातलं किमान धरायचं असं आहे. म्हणजे दोघांनी दीड-दीड हजार समजून पैशाचा हिशोब केलेला असतो आणि प्रत्येकाच्या हातात येतात १४३७ फूट. हे मोजणीत कळलं तर घरी चहा पिता पिता सुटतं, रजिस्ट्री झाल्यावर कळलं तर कोर्टात जातं.

जागा कमी का भरते याची कारणं साधी आहेत. जुने लेआउट साखळीने फुटांमध्ये मोजलेले आणि नंतर मीटरमध्ये उतरवलेले. शेजाऱ्याने कंपाउंड बांधताना भिंतीची अख्खी जाडी तुमच्याकडून घेतलेली. कॉर्नर प्लॉट असेल तर कोपरा कापलेला. डीपी रोडच्या (विकास आराखड्यातल्या रस्त्याच्या) रुंदीत समोरची पट्टी गेलेली, जी तुम्ही आज बाग म्हणून वापरून राहिले. म्हणून माझं स्पष्ट म्हणणं आहे की कंपाउंडला हद्द समजूच नका, ती फक्त गवंड्याने त्या दिवशी जिथे दोरी बांधली ती जागा आहे.

खाजगी सर्व्हेयरकडून मशीन लावून ड्रॉइंग करून घेणं चांगलंच आहे, आर्किटेक्टला ते लागतं, पण त्यावर थांबू नका. भूमी अभिलेखकडे हद्द कायम मोजणीचा ऑनलाइन अर्ज टाका. साधी आणि द्रुतगती असे दोन प्रकार आहेत, पैसे जास्त लागतात तरी द्रुतगतीच घ्या, तारीख लवकर लागते आणि पुढचं सगळं या एका नकाशावर थांबलेलं असतं. अर्जात लगतच्या सगळ्या प्लॉटधारकांची नावं आणि बरोबर पत्ते द्या. इथे लोक कंजुषी करतात, मागच्या प्लॉटवाला पुण्याला राहतो त्याला कशाला कळवायचं म्हणून. त्याला नोटीसच गेली नाही तर उद्या तो येऊन ती मोजणी मला मान्य नाही म्हणेल, आणि त्याचं म्हणणं खोटं नसेल.

मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा, सोबत आर्किटेक्टचा माणूस ठेवा. भूकरमापक (सरकारी मोजणीदार) जिथे खुणा देईल तिथे त्याच क्षणी फोटो काढा, आणि फोटोत शेजारचा विजेचा खांब, विहीर, गेट असं काहीतरी न हलणारं दिसू द्या. चुन्याच्या खुणेवर विश्वास ठेवू नका, दोन दिवसांत जाते. लाकडी खुंटी पण नको, आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, खुंटी तिरपी होते आणि मग प्रत्येक जण आपल्या सोयीने ती सरळ करतो. लोखंडी अँगल खोल ठोकून खाली काँक्रीट टाका. आणि जमत असेल तर मे महिन्याची तारीख टाळा, त्या उन्हात कोणीही मन लावून मोजत नाही, तुम्ही पण नाही उभे राहणार.

शेजाऱ्याची भिंत फूटभर आत निघाली तर? भांडण आत्ता करू नका. तुमचं काम दोन प्लॉट करणं आहे, तो फूट परत मिळवणं हे दुसरं काम आहे, आणि त्याला वर्षं लागतात. माझं मत विचाराल तर कमी क्षेत्र धरून पुढे जा. मोजणीच चुकली असं खरंच वाटत असेल तर निमताना मोजणीचा अर्ज करता येतो, वरचा अधिकारी येऊन तपासतो. पण नुसतं मनासारखं क्षेत्र निघालं नाही म्हणून निमताना करू नका, दुसऱ्यांदा अजून कमी निघाल्याचं पाहिलेलं आहे. रजिस्ट्रीत साइज टाइप करताना चुकली असेल तर चूक दुरुस्तीपत्र रजिस्टर करा, पत्रिकेवर चूक असेल तर नगर भूमापन ऑफिसला क्षेत्र दुरुस्तीचा अर्ज. 'क' प्रत (मोजणीच्या नकाशाची अधिकृत प्रत) हातात आली की ती नकाशासकट घरातल्या सगळ्या हिस्सेदारांना दाखवा आणि क्षेत्र मान्य असल्याची त्यांची सही घ्या. हे कायद्यात कुठे लिहिलेलं नाही, पण मी त्याशिवाय पुढची रेघ मारत नाही.

रेघ कुठे मारायची हे त्यानंतर. ५० फूट तोंडाचा, ८० फूट खोल प्लॉट आहे असं धरा. उभा कापला तर २५ बाय ८० चे दोन, दोघांनाही रोड. आडवा कापला तर ५० बाय ४० चे दोन, दिसायला छान, पण मागच्याला रोडच नाही. मग पुढच्यातून पट्टी द्यावी लागते, १० फुटाची धरली तरी ४०० फूट त्यातच गेले, आणि तेवढी रुंदी पुरते की नाही हे नियमावली ठरवणार, तुम्ही नाही. "जाण्यायेण्याचा हक्क राहील" असं वाटणीपत्रात एका ओळीत लिहून टाकलेले मागचे प्लॉट विकताना लोक रडकुंडीला आलेले आहेत. आडवं कापायचंच असेल तर ती पट्टी मागच्या प्लॉटच्या मालकीत टाका, मंजूर नकाशात दाखवा. मागे सर्व्हिस लेन आहे, तिकडून रस्ता होईल असं गृहीत धरू नका, ती लेन गडर (सांडपाण्याच्या) लाइनसाठी सोडलेली असते.

उभं कापलं की प्लॉट अरुंद होतो हे खरं. २५ फूट म्हणजे ७.६२ मीटर, त्यात दोन्ही बाजूंनी मार्जिन (हद्दीपासून सोडायची मोकळी जागा) सोडली तर मधे आगगाडीच्या डब्यासारखं घर उरतं. अशा वेळी दोन घरं एका बाजूने जोडून बांधायची, कॉमन भिंतीची, परवानगी बसते का ते आर्किटेक्टला आधीच विचारा, कारण ते दोघांच्या संमतीशिवाय होत नाही आणि आज बोलणं चालू असलेले भाऊ पाच वर्षांनी बोलतीलच असं नाही.

प्लॉटवर जुनं घर उभं असेल तर रेघ त्या घरापासून मोजून मारा. नवीन हद्द घराच्या भिंतीला चिकटून गेली तर कालपर्यंत नियमात असलेलं घर उद्या मार्जिन नसलेलं घर होतं. शिवाय एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण, अर्ध्या प्लॉटवर मोजल्या जातो. पूर्ण ३७० चौरस मीटरवर २५० चौरस मीटर बांधकाम चालत होतं, तेच १८५ च्या प्लॉटवर बसवून बघा, मूळ एफएसआय १.१० धरला तर २०३ मीटरच बसतात. पोर्च, जिना, मागची न्हाणी, सगळं आधी नकाशावर उतरवा.

आणि कॉर्नर प्लॉटवाल्यांनी हे जरूर वाचा. दाट वस्तीचा भाग सोडला तर ९ मीटरपेक्षा कमी रोडवर १.१० च्या वर प्रीमियम एफएसआय (पैसे भरून घेतलेला जास्तीचा) किंवा टीडीआर (दुसऱ्या जागेवरून विकत आणलेला बांधकाम हक्क) मिळत नाही, ९ मीटरपासून वर मिळतो. आपले ३० फुटी रोड ९.१४ मीटर होतात, २५ फुटी ७.६२. म्हणजे एका भावाच्या वाट्याला ३० फुटी रोड आणि दुसऱ्याला बाजूची २५ फुटी गल्ली आली तर दोघांचे फूट सारखे असून किंमत सारखी नाही. हे मंजुरीच्या आधी मांडा आणि पैशात किंवा जागेत भरपाई करा. लेआउटच्या नकाशात ३० फूट लिहिलेला रोड जागेवर किती आहे ते पण मोजून घ्या.

फाइल टाकणं सगळ्यात सोपं आहे, लायसन्सवाला आर्किटेक्ट किंवा इंजिनिअर ऑनलाइन टाकतो, तुम्ही डिमांड (ऑफिसने काढलेलं शुल्क) भरा आणि थकीत टॅक्स आधीच क्लिअर ठेवा.

मंजूर नकाशा आला की मग रजिस्ट्री, आणि दस्तात "प्लॉटचा उत्तरेकडील अर्धा भाग" असलं मोघम लिहू नका. मंजुरीचा क्रमांक, तारीख, नवीन प्लॉट नंबर, चौरस मीटरमध्ये क्षेत्र, चतुःसीमा, आणि नकाशा दस्ताला जोडलेला. सगळे हिस्सेदार असतील तर वाटणीपत्र. आईवडील मुलाला किंवा मुलीला देत असतील तर राहत्या मालमत्तेच्या बक्षीसपत्राला २०० रुपयांचा स्टॅम्प आहे, पण त्यावर नागपुरात अधिभार लागतो, तो विचारून घ्या, २०० च्या भरवशावर जाऊन लोक खिडकीवरून परत येतात. भावाने भावाला बक्षीसपत्र केलं तर ही सवलत नाही, तो वडिलोपार्जित हिस्सा असेल तर हक्कसोडपत्राचं वकिलाला विचारा. दोन्हींचा खर्च काढूनच दस्ताचा प्रकार ठरवा.

रजिस्ट्रीनंतर नगर भूमापनला पोटहिस्सा मोजणी आणि फेरफार. परिरक्षण भूमापक जागा बघून जातो, मग दोन वेगळ्या आखीव पत्रिका निघतात. त्या दोन पत्रिका निघेपर्यंत काम झालं म्हणू नका, बँक लोनसाठी त्याच मागते. टॅक्सचे वेगळे इंडेक्स नंबर, वेगळं मीटर, वेगळं नळ कनेक्शन हे एकेका अर्जाचं काम आहे. गडर लाइन मात्र बघा, जुन्या घराचा पाइप बऱ्याचदा दुसऱ्याच्या नवीन प्लॉटखालून जातो, तो कॉलम खोदायच्या आधी फिरवून घ्या.

मधली भिंत पोटहिस्सा मोजणीच्या खुणा पडल्यावरच बांधा, आणि तिचा पाया कोणाच्या बाजूला किती राहील ते दोघांनी गवंड्यासमोर ठरवा.